पक्ष्याखाली आभाळ

श्री
उज्जैन, ८ डिसेंबर २०२४

चि. विक्रांत यास अनेक आशीर्वाद.

बाबा तुझ्याकडून सुखरूप परत आले, त्याला पंधरवडा होत आला. तुझा एक फोन नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हटलं, कागदावर लिहावं. हॉस्टेलमध्ये होतास तेव्हापासून कागदाला तेवढं तू उत्तर देतोस.

बाबांचं तर विचारूच नकोस. जन्मभर बँकेत व्हाउचरं तपासलेला माणूस अमेरिकेतून शिकारी होऊन आलाय. रोज संध्याकाळी आपल्याकडे बैठक भरते. ॲरिझोनाचं ते वाळवंट, तुझी कुत्री झुडपापाशी एक पाय उचलून कशी गप्प उभी राहते, मग भुर्रकन उडालेल्या बटेरा आणि बाबांचा नेम! पहिल्या दिवशी तीन बटेरा होत्या, काल सात झाल्या. शेजारचे अण्णा वकील म्हणाले की भय्यासाहेब, शेवटी अंगात शिकारखान्याचं खून आहे, जाणार कुठे. आजोबा दरबारच्या शिकारखान्यात होते हे कोणी काढलं की बाबांची छाती कशी फुगते, तुला माहीत आहे. मी मात्र चहा करून करून वैतागले.

आणि क्षिप्रा कशी आहे? कुत्रीला नदीचं नाव दिलंस म्हणून बाबांनी केवढा तमाशा केला होता. आता दिवसभर तिच्याबद्दलच बोलतात, नाव तेवढं घेत नाहीत. त्यांच्याबरोबर पाठवलेली भैरवगढची चादर आवडली का? लाल बुट्ट्यांची मुद्दाम शोधली. वापर ती, नाहीतर घडी करून ठेवशील.

बाबांची पंचाहत्तरीची शांत तेवीस फेब्रुवारीला ठरली. शिकारीचा सीझन तोवर संपतो असं तूच म्हणाला होतास. तेव्हा सबबी नकोत.

माया आहेच, ती कधी फोनवरूनही येऊ दे.
तुझी,
अहल्याताई


ॲरिझोना, २६ डिसेंबर २०२४

ती. अहल्याताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. बाबांनी तुला काहीच सांगितलेलं नाही हे त्यावरून कळलं.

क्षिप्रा गेली, ताई. बाबांच्या बंदुकीने गेली.

निघण्याआधी मी सगळ्या पाहुण्यांना एक नियम सांगतो, गाइड म्हणून ते माझं कामच आहे. पक्षी उडाला आणि त्याच्या खाली आभाळ दिसलं, तरच बंदूक झाडायची. जमिनीलगत कुत्री असतात. त्या दिवशी बाबांशिवाय आणखी दोन पाहुणे होते. त्यांच्यादेखत मी बाबांनाही तेच सांगितलं, आणि त्यांचं लक्ष नाही असं वाटलं म्हणून पुन्हा सांगितलं. ते म्हणाले की तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मला बंदूक कळते. आजोबांनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं ते उलटं. काडतूस महाग, तेव्हा पक्षी जमिनीवर असतानाच टिपायचा.

क्षिप्रा एका झुडपापाशी थांबली. पाय उचललेला, शेपूट ताठ. एकदा अशी थांबली की मी सांगेपर्यंत ती हलत नसे. दोन वर्षं खपून मी तिला तेच शिकवलं होतं. झुडपाखालून एक बटेर पळत निघाली आणि बाबांनी बंदूक झाडली. बटेर निघून गेली. क्षिप्रा जरा हलली असती तर वाचली असती.

जनावरांचा डॉक्टर तासाभराच्या वाटेवर. बाबा माझ्या शेजारी बसले होते. अर्ध्या वाटेत म्हणाले की कुत्रीच आहे, दुसरी मिळेल, पण तू परक्या लोकांसमोर माझ्यावर ओरडलास हे बरं केलं नाहीस. तोवर ती गेलीच होती. गाडीत तुझी चादर होती, तिच्यात गुंडाळून तिला पुरलं. तेव्हा चादर आवडली म्हणायचं.

त्यांच्या सात बटेरा तू चहाबरोबर वाढतेस, म्हणून सांगतो. त्या दिवशी बाबांच्या हातून एकच जीव पडला.

मी शांतीला येईन. माझी अट एवढीच, की बाबांनी मला एक ओळ लिहावी, क्षिप्रा माझ्या हातून गेली. तिचं नाव घालून. माफी वगैरे नको.

हे वाचून माझ्यावर रागावू नकोस, आहे तशीच राहा.
विक्रांत


॥ श्री ॥
उज्जैन, १३ जानेवारी २०२५

चि. विक्रांत यास भय्यासाहेबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चि. अहल्येने तुझे पत्र मला वाचून दाखवले. तेव्हापासून ती माझ्यासमोर ताट आदळून ठेवते. एका जनावरापायी तू घरात असे वातावरण करावेस, याचे वाईट वाटले.

शिकार म्हटली की असे प्रसंग येतात. तुझ्या आजोबांच्या पदरी अच्छी-खासी डझनभर कुत्री होती. त्यांतली कितीएक रानडुकरांनी फाडली, पण घरात कोणी सुतक पाळले नाही. शिवाय त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होते, जमीन अनोळखी होती आणि तुझे जनावरही फार पुढे गेले होते. परक्यांदेखत बापावर ओरडलास ते मी विसरलो. तूही विसरावेस.

आता एक काम. सकाळी निघताना तू माझा त्या जनावरासोबत फोटो काढला होतास. तो मोठा करून पाठव. शांतीला मंडळी येतील, तेव्हा आजोबांच्या बिबट्याच्या फोटोशेजारी तो लावावा असे मनात आहे. माझे हाफ जाकीट त्यात नीट आले असेल.

तुझ्या गुडघ्याला थंडी बाधते, रात्री तेल लावत जा. केव्हा येतोस ते कळव. स्टेशनवर मी स्वतः येईन.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, हे वेगळे लिहायला नको.
तुझे बाबा


ॲरिझोना, ३० जानेवारी २०२५

ती. अहल्याताईस सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र पोचलं. पानभर लिहिलंय, माझा गुडघासुद्धा आठवला त्यांना. तिचं नाव नाही. मी तिकीट काढलेलं नाही.

मागितलेला फोटो सोबत आहे. ती त्यात बाबांकडे वर बघतेय. फोटोच्या मागे मी लिहिलंय, क्षिप्रा, त्याच दिवशी बाबांच्या हातून गेली.

ते बोलणार नाहीत हे आता मी धरून चाललोय. पण फोटो भिंतीवर लागला की लोक विचारतीलच. तेव्हा तू सांग, ताई. चारचौघांत एकदा खरं सांगितलंस तरी मला पुरे, मे महिन्यात येईन. त्या घरात एकानं तरी तिचं नाव घ्यावं.

तुझ्यावर भरवसा ठेवून थांबतो.
विक्रांत


श्री
उज्जैन, २५ फेब्रुवारी २०२५

चि. विक्रांत यास आशीर्वाद.

परवा शांत पार पडली. उद्या शिवरात्र, सगळे रस्ते बंद आहेत, हे पत्र कधी निघेल देव जाणे. तरी आत्ताच लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

तुझा फोटो घेऊन बाबा आणि मी देवास गेटला फ्रेम करायला गेलो होतो. दुकानदारानं फोटो उलटा करून बघितला, आणि मागे काही लिहिलंय, ते दिसायला हवं का, असं विचारलं. बाबा म्हणाले की नाही, पुठ्ठा लावून पक्का बंद करून टाका. मी शेजारीच उभी होते. तेव्हा गप्प बसले, कारण मनात पक्कं होतं की घरी सगळ्यांसमोर बोलायचं.

मंडळी जमली. बाबांची गोष्ट रंगली. इंदूरच्या पल्लवीमावशीनं फोटोपाशी जाऊन विचारलं की कुत्रा बडा प्यारा आहे हो भय्यासाहेब, नाव काय त्याचं. बाबा फोटोकडे बघत म्हणाले, टायगर. मावशीनं विचारलं की आता कुठे असतो. म्हणाले की विक्रांतकडेच, मला फार मानतो.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात ओवाळायचं ताट होतं, पंचाहत्तर दिवे लावलेले. नाव अगदी ओठांवर आलं होतं. विक्रांत, बाबांना मी आजवर कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या क्षणी ते मला घाबरले होते. मी पुढे झाले आणि त्यांना ओवाळलं.

मला बाबांचा राग येतो. तुझाही येतो, एवढं काम माझ्यावर टाकून तू तिकडे थांबलास म्हणून. पण सगळ्यांत जास्त स्वतःची लाज वाटते. तू सांगितलं होतंस आणि बाबा माझ्यासमोर उभे होते. मी नीट बघून, समजून गप्प बसले. ऊन माझ्या डोळ्यांवर नव्हतं.

मेमध्ये ये असं म्हणायचं तोंड मला उरलं नाही. क्षिप्राचं नाव मी या घरात घेतलं, ते या कागदावरच.

तुझा लोभ आता कोणत्या तोंडानं मागू?
अहल्या