आत्याची खंजिरी आणि दत्ताची वायर

३ फेब्रु., मंगळ.
पहिली पाळी. घरी आलो तर माझा जुना दोस्त दत्ता बसलेला. लोणावळ्यात वीकेंडवाल्यांच्या बंगल्यांत साउंड बसवतो. तिथली एक जास्तीची ऑप्टिकल वायर, कॉम्प्युटरवरून स्पीकरला आवाज नेणारी, माझ्यासाठी आणलेली. जाड, वरून विणलेली, सोनेरी टोकं. "लय फरक पडतो, भाऊ. आवाज कसा मोकळा व्हतो बगा." वीस वर्षं त्याला सांगतोय तेच मी परत सांगितलं. डिजिटलमध्ये वायर एक तर आकडे पोचवते, नाहीतर खटखट करते, मध्येच बंद पडते. बारीक सूर तेवढे गाळून बाकीचे आणत नाही. वायर आहे ती, चहाची गाळणी नव्हे. दत्ता हिरमुसला, वायर ठेवून गेला. वाद जिंकला की मला भूक लागते. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

८ फेब्रु., रवि.
वडिलांची, म्हणजे नानांची कॅसेट मागे कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती, ती लावली. गावी, वडिवळ्याच्या विहारात जयंतीला कुणीतरी टेप केलेली. नाना गातात, मागे आत्याची खंजिरी. धृपद संपलं की नाना श्वास घेतात आणि तेवढ्यात आत्या खंजिरीच्या नुसत्या पितळी चकत्या थरथरवते. अख्ख्या कॅसेटमधली माझी आवडती जागा.
आज थाप आली, चकत्या नाहीत.
जुनी वायर काढून परत घट्ट बसवली. तीन वेळा लावलं. नाहीच. बायको, सुजाता, आत भाजी चिरत तेच गाणं गुणगुणत होती. तिला विचारायचं धाडस झालं नाही.

११ फेब्रु., बुध.
कंपनीत एक गिअरबॉक्स परत आलाय. गाडी वेगात गेली की शीळ घालतो म्हणे. शिक्का माझा. माझं कामच ते. काचेच्या केबिनमध्ये गिअरबॉक्स फिरवायचा, कानानं ऐकायचा, बरा असेल तर शिक्का. आज साहेबांसमोर परत फिरवला. मला चांगला वाटला. साहेब दारात उभे होते, म्हणाले, "अहो, इथवर ऐकू येतेय की शीळ."
मी म्हणालो, हो, आता आली.
आली नव्हती. 
जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर नोटीस. वार्षिक कान तपासणी, माझा नंबर सोमवार २३.

१३ फेब्रु., शुक्र.
वायर खराब असती तर खटखट आली असती. माझंच म्हणणं, आता माझ्याच मानगुटीवर. तरी दत्ताची वायर लावली. आपण खोटे ठरावं असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.
आणि खंजिरीची थरथर आली. पुसट, पण आली. डोळ्यांत पाणी आलं, लाज कसली.
दत्ताला फोन केला, म्हटलं तू जिंकलास. उड्या मारेल असं वाटलं होतं. त्यानं मागचं गाणं बंद केलं. मग म्हणाला, "भाऊ, तुमी कदी हार मानत न्हाई. बरं हाय ना सगळं?"

१५ फेब्रु., रवि.
सु.ला सगळं सांगितलं. म्हटलं रीतसर चाचणी घेऊ. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, तिनं मागे वायर बदलायची, कधी जुनी कधी नवी. सहा वेळा. मी कागदावर लिहीत गेलो. तीनदा खंजिरी स्पष्ट, तीनदा नाही. स्पष्ट तिथं दत्ताची वायर, असं लिहिलं.
कागद तिच्याकडे दिला. तिनं वाचून घडी घातली.
"मी वायर बदललीच नाही. सहाही वेळा जुनीच होती."
"आणि खंजिरी?"
"सहाही वेळा वाजली."
टीव्हीचा आवाज दिवाळीपासून कुठवर चढलाय ते तिला माहीत होतं म्हणे. खात्री करायची होती. साहेबांना आपणहून सांगा म्हणाली. मी नको ते बोललो. ताटावरून उठलो.

१८ बुध.
सु.शी बोलणं कामापुरतं. केबिनमध्ये गिअरबॉक्सवर तळहात ठेवून बघतोय, कंप लागतो का. शंका आली की बाजूला काढायचा असं ठरवलं. आज सगळ्यांचीच शंका आली. साहेबांनी बाजूची रांग पाहिली. घड्याळ बघून निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

२१ शनि.
दत्ताची वायर गुंडाळून डब्यात ठेवली. नानांची कॅसेट लावत नाही. ती जागा येईल आणि

२३ सोम.
तपासणी झाली. छोटी बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाडे आवाज आले. मग काहीच नाही. काचेतून तपासणारी मुलगी दिसत होती. तिचं बोट हललं की आपण बटण दाबावं, एवढं सोपं होतं. नाही दाबलं. एवढी तरी लबाडी नाही केली.
तिनं दार उघडून हेडफोनची वायर हलवून पाहिली. परत घेतलं. परत तेच. म्हणाली, "काका, ही वायर जुनी झालीय, कधीकधी दगा देते. शुक्रवारी नवा सेट येतोय. तोवर तुमचा कागद कोरा ठेवते."
हेडफोनची वायर डिजिटल नसते. तिथं तुटकी वायर आवाज खाऊ शकते. हे शंभर टक्के खरं आहे, कुणालाही समजावून सांगेन.
मी म्हणालो, हो, वायरच असेल.
सु. दारातच वाट बघत होती. तिलाही तेच सांगितलं. माझा डबा घेऊन ती आत गेली.
तिला एवढंच सांगितलं नाही, की तपासणीनंतर परत केबिनमध्ये बसलो होतो. बाजूची रांग पुढे घेतली. एकेक फिरवला. सगळे छान, एकदम शांत. शिक्के मारले.