परतणारीची खुर्ची

३ जानेवारी

पोचले एकदाची. टॅक्सीवाल्याने विचारलं, पिणाऱ्या बायकांचं घर तेच ना? मी म्हटलं, तेच, आणि आजपासून तिथे एक निवृत्त मास्तरीणही राहणार आहे.

खोली टीचभर, पण ऊन भरपूर. भिंतीवर क्रूस, खिडकीखाली बाग, बागेपलीकडे प्रार्थनाघर. मदरनी या घराचा इतिहास लिहायचं काम दिलंय, वर्धापनदिनासाठी. आयुष्यभर पोरांच्या निबंधांवर लाल शाई सांडली, आता स्वतःचा निबंध लिहायचा. खरं तर मी हो म्हटलं ते ताईसाठी. दारूने तिची नोकरी खाल्ली, संसार खाल्ला, आणि या सिस्टरांनी मला माझी बहीण परत दिली. गेल्या उन्हाळ्यात ती इथून बरी होऊन गेली. वर्धापनदिनाला यायचं तिने कबूल केलंय. फोनवर म्हणाली, माझ्याबद्दल लिहिताना वजन कमी करून लिही.

५ जानेवारी

संध्याकाळी सगळ्या मागच्या दाराने प्रार्थनेला जातात, तेव्हा ताटं मांडायचं काम मी मागून घेतलं. लांब टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी असते आणि तिच्यापुढेही ताट, पाव, सुपाचा वाडगा मांडतात. ती परतणारीची. इथून गेलेली बाई पुन्हा प्यायली, तरी तिने कधीही यावं आणि बसावं. कुणी विचारायचं नाही, रागवायचं नाही, आधी जेवू घालायचं.

यामागची गोष्ट स्वयंपाकीणबाईंनी कांदा चिरता चिरता सांगितली. पहिल्या मदर फार कडक. एक बाई पिऊन परत आली, तेव्हा तिला अद्दल घडावी म्हणून त्यांनी कडी लावली. सकाळी ती पायरीवर गारठून मेलेली सापडली. मदरनी स्वतःच्या हातांनी कडी उचकटली. जेवणघराच्या पुढच्या दाराला कडीच्या स्क्रूची भोकं अजून आहेत. तेव्हापासून दार नुसतं लोटलेलं असतं.

माझा पहिला परिच्छेद मिळाला.

९ जानेवारी

चमचे घेऊन आले तर खुर्ची मागे सरकलेली. बैठक ओली. दारापासून तिथपर्यंत ओल्या अनवाणी पावलांचे ठसे, परत जाणारे नाहीत. पाव कुरतडलेला.

स्वयंपाकीणबाईंनी फडकं आणून पुसून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, बाई, आपलीच कुणीतरी गेली बाहेर. मेली की जेवायला येते. आपल्याच बाया त्या, भ्यायचं कशाला?

मी हसले. पण जेवण गेलं नाही.

११ जानेवारी

मदरना फोन आला. दोन वर्षांपूर्वी इथे राहिलेली एक परिचारिका परवा वारली. पुन्हा प्यायला लागली होती. सगळ्यांनी तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. कुणालाच नवल वाटलं नाही.

ताईला लगेच फोन केला. उचलला. आवाज जड होता. सर्दी झालीय म्हणाली. मनात पाल चुकचुकली.

१३ जानेवारी

ताई फोन उचलत नाही. शेजारीण म्हणाली, दाराला कुलूप आहे, दारात बाटल्या आहेत.

लहानपणी आमची कट्टी झाली की ताई जेवताना पावाच्या मऊ भागाच्या गोळ्या करून ताटाशेजारी ओळीने मांडायची. एक गोळी माझ्या बाजूला ठेवली की बट्टी. मी ती खाऊन टाकायची. आज टेबल मांडताना हेच आठवत राहिलं.

त्या खुर्चीकडे बघवत नाही. ती ओली झाली तर कळेल. मला कळायला नको आहे.

१४ जानेवारी

फोन नाही. कडाक्याची थंडी. ठरवलं आहे. ती आत आलीच नाही, खुर्चीत बसलीच नाही, तर ती मेलेली नाही. वेडेपणा आहे, कळतंय मला. पण दुसरं माझ्या हातात काय आहे?

सगळ्या प्रार्थनेला गेल्या की तीच खुर्ची पुढच्या दाराच्या मुठीखाली अडकवायची. त्या यायच्या आत परत जागेवर. कुणाला कळणार नाही.

१५ जानेवारी

आली.

आधी दार ढकललं. हललं नाही. मग थापा. मग माझं घरचं नाव, चिमे, चिमे, उघड गं. त्या नावाने मला आता दुसरं कोण हाक मारणार? खुर्चीला पाठ लावून बसले आणि सांगत राहिले, ताई, जा, तू मेलेली नाहीस, जा.

पलीकडे प्रार्थनाघरात गाणी चालली होती. कुणाला ऐकू गेलं नाही.

थापा थांबल्या. खुर्ची जागेवर ठेवली. कोरडी आहे. कोरडी. ताई जिवंत आहे.

१६ जानेवारी

दूधवाल्याला सापडली. पायरीवर.

जिवंत होती ती. काल. पिऊन, पण इथवर चालत आली होती. एक चप्पल वाटेत —

खुर्ची काढल्यावर दार नुसतं लोटलेलं होतं. एकदा ढकललं असतं तर — पण तिला वाटलं असणार, कडी आहे. तिला वाटलं असणार, मी —

मदरना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्यापुढे सूप ठेवलं. रागवायला हवं होतं.

१७ जानेवारी

मातीत ठेवून आलो.

बाकीच्या प्रार्थनेला गेल्यात. मी दार सताड उघडून टेबलाशी बसले आहे. तिच्या ताटात पाव ठेवलाय. वही उघडी. लिहीत राहिलं तरच इथे बसवतं.

पायरीवर —

एक पाऊल चपलेचं. एक अनवाणी.

खुर्ची सरकली. पाणी टपटपतंय. वर बघायची हिंमत नाही. फक्त बोटं दिसताहेत, निळी. पाव फोडतेय. मऊ भाग काढतेय.

एक गोळी. तिच्या बाजूला. दुसरी. तिच्याच बाजूला. तिसरी —

ताई, मला वाटलं तू —

पाव संपला. सगळ्या तिच्याच बाजूला. मूठ मिटलेली आहे. हात माझ्याकडे येतोय, मुठीत काही आहे की —