सतरा सॅम्युएल

सावेडी, अहिल्यानगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय ग्रेस,

तुला माझा सलाम. पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. माझी शुगर आहे तेवढीच आहे. स्टीफनचा गुडघा कुरकुरतो आणि तो गुडघ्यावर कुरकुरतो. सूनबाईनं नाताळच्या करंज्यांसाठी रवा आत्ताच आणून ठेवलाय, मी म्हटलं अळ्या होतील, तर तिला राग आला. पत्र एवढ्यासाठी की फोनवर मला बोलता येत नाही. तू विचारतेस, "बाबा, गोळ्या घेतल्या का?" मी हो म्हणतो, तेवढ्यात तुझी ड्युटी लागते. खरं सांगू, हल्ली तुझी ड्युटी लागली की मला सुटल्यासारखं वाटतं. तीन आठवडे एक गोष्ट पोटात घेऊन बसलोय. स्टीफनला, तुझ्या भावाला, सांगितलं असतं तर त्यानं मोबाईलवर दोन मिनिटांत टाइप करून पाठवलं असतं, पण ती त्याच्यासमोर बोलायची हिंमत नाही. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, चुकलंमाकलं समजून घे.

मागच्या रविवारी उपासनेनंतर देवळातून परत येताना स्टीफननं रिक्षातच सांगितलं की तू घर सोडून बारा दिवस झाले, दवाखान्याच्या खोलीत राहतेस, आणि योहानचा फोनसुद्धा घेत नाहीस. (जावयाचं नाव युहानी, पण इतक्या वर्षांत ते माझ्या तोंडी बसलं नाही. बायबलातला योहानच तो.) तुझा सॅम्युएल जानेवारीत पलटणीत भरती होणार, आणि त्याला योहाननं आणि त्याच्या म्हाताऱ्यानं, म्हणजे माझ्या व्याह्यांनी, चिथावलं असं तुझं म्हणणं. घरात युद्धाचे जुने कागद आणले, पोराचं डोकं फिरवलं, असं तू स्टीफनला म्हणालीस. घरी आल्यावर मी जेवलो नाही. सूनबाईला वाटलं, रव्याचा राग अजून आहे.

सप्टेंबरात तू मला एक काम सांगितलं होतंस. तुमच्या त्या बर्फाच्या देशात अठरा वर्षांच्या पोराला एक तर पलटणीत जावं लागतं, नाहीतर वर्षभर कुठे दवाखान्यात, वाचनालयात साधं काम करावं लागतं, आणि कुठलं ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं. तू म्हणालीस, "बाबा, तो तुमचं ऐकतो. तुमचे वडील लढाईत गेले, मग तुमचं आणि आजीचं काय झालं ते त्याला सांगा. घाबरवा त्याला." मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस.

मी तयारीही केली. सॅम्युएलनं उन्हाळ्यापासून माझ्यामागे लावलं होतं, की आजोबा, तुमच्या वडिलांचा रेकॉर्ड काढा, माझं नाव त्यांचंच आहे ना. तिकडे व्याह्यांच्या वडिलांचा कागद त्यानं सरकारी दफ्तरातून मागवला होता. म्हणून मीही जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात गेलो, दोनदा. पंकजा नावाच्या बाई होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं आणि विचारलं, "बाबा, सैनिक नंबर सांगा." नंबर माझ्याजवळ नाही. "पलटण कुठली?" तेही नाही. आई म्हणायची बसऱ्याला गेला, चुलता म्हणायचा ब्रह्मदेशात. इंग्रजीत एक पत्र आलं होतं, ते पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं आणि पुढे कुठल्याशा पावसात ते भिजून गेलं. बाईंनी तरी कॉम्प्युटरवर मेलेल्यांची यादी उघडली. त्या लढाईत मेलेले सतरा सॅम्युएल सापडले. कुणाच्या पुढे बापाचं नाव नाही, कुणाच्या पुढे गाव नाही. बाई म्हणाल्या, "यातला कुठला तुमचा, सांगता येईल का?" मी चष्मा लावून सतराच्या सतरा ओळी वाचल्या. मला इंग्रजी आकडे आणि नावं तेवढी वाचता येतात. एकानंही ओळख दिली नाही. बाहेर येऊन मी चहासुद्धा घेतला नाही, सरळ घरी आलो.

मग तो ऑक्टोबरातला रविवार. सॅम्युएलचा व्हिडिओ कॉल आला. स्टीफन आणि सूनबाई लग्नाला कोपरगावला गेले होते, स्टीफनचा मोबाईल माझ्याजवळ ठेवून, मी एकटाच. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण मी तोंड उघडायच्या आत पोरानं तिकडच्या पणजोबांचं, व्याह्यांच्या वडिलांचं, पलटणीतलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याचं मराठी तुला माहीत आहे, सगळं घाईत आणि अर्धं क्रियापद गिळून. एकेक ओळ तो मला सांगत गेला. पणजोबांचा जन्म कुठल्या गावचा. धंदा, जंगलात लाकडं तोडणं. शाळा, चार वर्षं. ते ऐकून मला बरं वाटलं, म्हटलं माझ्यापेक्षा तीन इयत्ता कमी. मग कुठल्या तारखेला कुठल्या तुकडीत, मांडीला गोळी कधी लागली, किती दिवस दवाखान्यात, कधी परत आघाडीवर. बायकोचं नाव आणि पत्ता. शेवटची तारीख जून चव्वेचाळीसची, मरणाची. त्यानं त्या तुकडीची रोजनिशीही शोधली होती. त्यात लिहिलं होतं म्हणे, की माघार घेताना सोबत्यांनी त्यांना घोडागाडीवर घालून मागे आणलं. आणि मग रेल्वेनं, पेटीत, त्यांच्या गावच्या देवळापर्यंत. तिकडे तशी रीतच होती, जमेल तेवढ्या प्रत्येक मेलेल्याला त्याच्या गावच्या देवळाशी आणून पुरायचं. सॅम्युएल त्या कबरीपाशी जाऊन आला होता. त्यानं फोटो दाखवला. सारख्या आकाराचे दगड, ओळीत, प्रत्येकावर नाव, मध्ये गवत कापलेलं.

ग्रेस, मी तुला कधी सांगितलं नाही ते आता लिहितो. लहानपणी दर ईस्टरच्या आधी तुझी आजी मला घेऊन गावच्या कबरस्तानात जायची. कडेला एक कबर होती, तिच्यावर नाव नव्हतं. आई तिच्यावरचं गवत उपटायची, चुना लावायची, मेणबत्ती लावायची. मला वाटायचं तिथे माझा बाप आहे. मी त्या कबरीला शाळेतल्या गोष्टी सांगायचो. दहा वर्षांचा असताना शेजारच्या मळ्यातला आसाराम हसला आणि म्हणाला, "येड्या, तुझा बाप हितं कुटं? ती लई जुनी कबर हाय, माझ्या आज्याच्या टायमाची." मी त्याचं डोकं फोडलं. घरी येऊन आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "तिकडं कुनी बाई त्यांच्या कबरीला चुना लावत आसंल, म्हनून मी हितं ह्याला लावते." त्यानंतर मी तिच्याबरोबर कबरस्तानात गेलो नाही. ती मात्र मरेपर्यंत जात राहिली. ती गेल्यावर त्या कबरीला कुणी चुना लावला नाही, मीही नाही.

हे सगळं मी सॅम्युएलला सांगून बसलो. सांगायचं होतं ते वेगळंच. मी शाळा सोडून एसटीच्या वर्कशॉपात नटबोल्ट धुवायला कसा लागलो, आईनं कुणाकुणाची धुणी धुतली, ते सांगून त्याला घाबरवायचं होतं. पण तो फोटो बघून माझ्या मनात काय आलं असेल? देवा मला माफ कर, माझ्या मनात हेवा आला. व्याही माझ्याच वयाचे, तेही बापाविना वाढलेले. त्यांच्या बापाची मात्र मांडीची जखमसुद्धा कुणीतरी लिहून ठेवली, आणि माझ्या बापाचं गावसुद्धा कुणी लिहिलं नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस मी, त्या पोरासमोर रडलो. मग त्यानं विचारलं, "आजोबा, मी जाऊ का?"

आणि मी म्हणालो, "जा. ते लोक तुला घरी आणतील."

कुठल्या अर्थानं म्हणालो, ते आता लिहितो. पोटच्या लेकीच्या पोराला, तो मेल्यावर त्याला घरी आणतील, असं आश्वासन मी दिलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन लावला, स्टीफनच्या नंबरावरून, बटणं चुकत चुकत. सॅम्युएल हसला. म्हणाला, "आजोबा, सांगून झालं मी आर्मीला. आणि युद्ध कुठे आहे?" टीव्हीवर रोज नकाशे दाखवतात, तुमच्या सरहद्दीपलीकडचा देश सध्या लढाईत आहे ते मलासुद्धा कळतं. मी त्याला म्हणालो, ते माझं बोलणं मागे घेतो. तो म्हणाला, "असं मागे घेता नाही येत." इथे सावेडीत बसून मी त्या मुलाच्या हाताला धरूही शकत नाही. सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि काय मागावं ते सुचत नाही. तो आजारी पडून भरतीच्या तपासणीत नापास व्हावा असं एकदा मागितलं, आणि लगेच घाबरून मागे घेतलं.

काल पुन्हा त्याचा फोन होता. तेव्हा उरलेलं कळलं, आणि म्हणून आज देवळाला न जाता लिहायला बसलोय. तुझ्या सासऱ्यांनी त्याला चिथावलं नाही. ते कार्ड बघून ते पोराला म्हणाले होते, की या घरातून एक गेला तेवढं पुरे, तू दुसरं काम घे. योहानही तेच म्हणाला होता. मग सॅम्युएलनं त्यांना सांगितलं, की आजोबांनी जा म्हटलं. त्यावर योहान त्याला म्हणाला, आईला हे सांगू नकोस, तिच्या बाबांचं वय झालंय, ती त्यांच्यावर रागावली तर त्यांना सोसणार नाही, मी माझ्यावर घेतो. बारा दिवस, आता एकोणीस झाले, तू त्याला दोष देतेस आणि तो सोसतोय. ज्या माणसाचं नाव मला नीट घेता येत नाही, त्यानं माझा अपराध आपल्या नावावर घेतला. पोराला मी थांबवू शकत नाही, तेवढं बळ माझ्यात नाही. एवढंच करू शकतो की खरं लिहून पाठवू शकतो. हे पत्र पोचायला किती दिवस लागतील, पोस्टातला माणूस नीट सांगत नाही. कदाचित पोर निघून गेल्यावर पोचेल. पण जेव्हा वाचशील, तेव्हा खोलीला कुलूप लावून घरी जा. रागावायचं असेल तर मला फोन कर, ड्युटी असली तरी कर. मी फोन ठेवणार नाही.

तुझाच, तुझं एक काम बिघडवून बसलेला,
बाबा