आठवी खाली है

चंदीगड

ती. शोभनावन्संना शालिनीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी अशी की तुमचे बंधू मफलर गुंडाळूनच जेवायला बसतात. (प्रकृती उत्तम, राग त्याहून उत्तम.)

माझं मात्र धड नाही. मी शिकवते त्या सरकारी मिडल स्कूलचा पट आधीच रोडावलेला, निकालाचं तर बोलायची सोय नाही. मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले. सातवीला भागाकार विचारला, तर वर्गाने एका सुरात पाढा म्हटला (तोही भलताच). आठवीची पोरं मी इमारतीमागे पटांगणात उन्हाला बसवली होती. वरच्या मजल्यावर साहेबांनी "और आठवीं?" विचारलं आणि मी ठणकावून सांगितलं, "जी, आठवीं खाली है!" इतकी वर्षं इथे काढली, पण घाबरले की माझी हिंदी थेट साताऱ्याला परत जाते. इथे खाली म्हणजे रिकामी, हे साहेबांचा चेहरा पडला तेव्हाही ध्यानात आलं नाही. त्यांनी सुस्कारा सोडला, आठवीपुढे शून्य मांडलं, चहा घेतला आणि गेले.

आता आमची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करायचं घाटतंय. आम्ही खुलासा पाठवला, सोमवारी साहेब पुन्हा मुलं मोजायला येणार आहेत. पण शाळा बंद होणार अशी आवई वस्तीत उठली आणि आईबाप भराभर दाखले काढायला लागले. म्हणजे माझी चूक आता खरीच व्हायला लागलीय. मुलगे जातील पलीकडे. मुलींना तो रस्ता कुणी ओलांडू देणार नाही, त्या घरीच बसतील. वन्सं, मला फार भीती वाटते.

म्हणून दारोदार फिरतेय. आमची शाळा किती चांगली हे सांगून सांगून घसा बसला. काल एका बाईने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडमजी, आपकी बेटी कहाँ पढ़ती है?" आपल्या रेवाच्या प्रायव्हेट शाळेचं नाव मी इतक्या हळू सांगितलं की तिला पुन्हा विचारावं लागलं.

असो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची,
शालिनी

ता. क. रेवाचं नाव आज आमच्या आठवीत घातलं. ती माझ्याशी हिंदीतसुद्धा बोलत नाहीये.

आणखी एक. तुमच्या बंधूंना अजून ठाऊक नाही. ते फक्त तुमचं ऐकतात, तेव्हा रविवारी फोन करा (जेवण झाल्यावर). शाळा चांगली आहे, एवढं तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगायला गेले की मला रडू येतं.