हिरवी ढाल, लाल छत्री

२४ जुलै

आणि वर मलाच विचारतात, तुला कोणी सांगितलं होतं! अहो भावोजी, कॉम्प्युटर कोणी घेतला? मी. पनवेलच्या एका ऑफिसने जुने काढले तेव्हा ओव्हरटाइमच्या पैशातून घेतला. गावी न्यायचा म्हणून गोणपाटात गुंडाळून एसटीने बोर्लीपर्यंत मांडीवर नेला, पाय बधिर झाले. मग त्यात ॲन्टीव्हायरस कुठला ते मी ठरवणार, की माणगावात मोबाइल रिपेर करणारा माणूस?

मी टाकली हिरवी ढाल. भावोजी म्हणे, फुकटातला वॉचमन झोपतो. शिमग्याला ताईला घेऊन आले तेव्हा स्वतःची लाल छत्री टाकून गेले. माझी काढणार होते, मी काढू दिली नाही. कशाला काढायची? आमच्या उरणच्या यार्डात गेटवर एक सिक्युरिटी, आत दुसरी, बाहेर पडताना तिसरी. म्हणून तर एक खिळा जात नाही.

आता भाविकाने पण मैत्रिणीकडून तिसरा आणून टाकलाय. निळं कुलूप. म्हणते, तुम्ही दोघं भांडता, मग बहिणीचा पण एक असू दे. धाकटी आहे, तोंड मोठं.

२६ जुलै

भाविकाने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि आईने भाताला आधण ठेवलं. भात आधी झाला. भाविका हे हसत सांगत होती, पण पुढचं सांगताना हसली नाही. बाबांनी आज सांगून टाकलंय — नारळी पौर्णिमेपर्यंत त्या डब्यानं एक रुपाया कमवून दाखवावा, न्हायतर बोर्लीत गिऱ्हाईक हाय, जाळ्याला पैशे लागतात. डबा गेला की भाविका माणगावला. ताईकडे राहायचं, भावोजींच्या दुकानात कव्हर विकायची.

तिला नाही जायचं. तिला घरीच फॉर्म भरून द्यायचे आहेत. गावात एक कागद छापायचा तरी माणसं बोर्लीला जातात, दिवस मोडतो. थर्माकोलवर पाटीसुद्धा रंगवून झाली. फोनवर वाचून दाखवली. रेशन, कॉलेज, पेन्शन, बोटीचं डिझेल, सतरा नंबर.

सतरा नंबर काय असतं विचारलं. म्हणाली, शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्याचा फॉर्म.

मी म्हटलं बॅटरी संपत आली, ठेवतो. बॅटरी अर्धी होती.

२८ जुलै

दिवसभर रिकामे कंटेनर धुतले. एकातून जिवंत बेडूक निघाला. कुठल्या देशाचा कोणाला माहीत! आवाज मात्र आपल्यासारखाच.

३० जुलै

सुपरवायझरला आले-गेले कंटेनर मोजून टॅली लिहायला माणूस हवा होता. केबिनमध्ये बसून काम, पगार जास्त. मी हात वर केला. म्हणाला, दहावी? हात खाली.

प्रणयला मिळालं. माझ्याच खोलीत राहतो. चहा आणायला पाठवला तर किटली नाक्यावर विसरून येतो! पेढे आणले त्याने. खाल्ले. वाईट मुलगा नाही.

इथून निघावं असं वाटतं. तसं मला दर दोन-तीन महिन्यांनी वाटतंच. मिठागर सोडलं, ट्रेलरवर क्लीनर होतो ते सोडलं. आता हे सोडून कुठे, ते सुचत नाही.

२ ऑगस्ट

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि गेलं!

आवडाबाई आली होती, आमच्या पाठच्या घरातली. पेन्शनचा कागद छापून हवा होता. भाविकाने सगळं भरलं आणि प्रिंटचं बटण दाबलं. तेवढ्यात माझी हिरवी ढाल उठली — धोका सापडला! काय सापडलं? प्रिंटर! त्याचा जो काय प्रोग्राम असतो तो चोर म्हणून कोंडून ठेवला. ढालीने कुठेतरी हात घातला हे लाल छत्रीने बघितलं आणि तिने ढालीलाच धरलं. निळं कुलूप मधे येऊन परवानगी देऊ का, परवानगी देऊ का, विचारत बसलं. मग पडदा गोठला. आवडाबाईचे दोन चहा झाले, मग ती रिक्षाने बोर्लीला गेली.

 बाबांनी म्हणे आईला एवढंच विचारलं, ते गोणपाट ठेवलंयस काय?

आणि भावोजींचा फोन! प्रिंटर त्यांनी दिलेला. मी त्यांच्या प्रिंटरला चोर ठरवला म्हणून राग. मी म्हटलं, मी नाही, ढालीने ठरवला. तर म्हणे, ढाल कोणाची?

४ ऑगस्ट

तिघांचा एकत्र फोन झाला. भावोजी माणगावातून, मी यार्डाच्या भिंतीपाशी छत्रीखाली (काळ्या), भाविका घरून. भावोजी म्हणतात, ढाल काढ. मी म्हणतो, छत्री काढा. ते जावई, मी मेहुणा, माघार कोण घेणार? भाविका मधे काही बोलायला बघत होती, आमच्या आवाजात तिचं ऐकूच आलं नाही.

शेवटी आईने फोन हातात घेतला. मला वाटलं जेवलास का विचारेल.

“गेल्या साली उन्हाळ्यात बोंबील वाळत घातलेले,” ती म्हणाली. “राखणीला मी नि शेजारची सगुणा, दोघी. तिला वाटं मी तिच्या दोरीवरचे काढते, मला वाटं ती माझ्या. दिवसभर मी तिच्याकडं बघत व्हते, ती माझ्याकडं. कावल्यांनी दोन्ही दोऱ्या साफ केल्या.”

“मग?” भावोजी.

“मग काय. ह्या साली एकटी सगुणा बसली. एक बोंबील गेला न्हाय.”

 मग भावोजी म्हणाले, बरोबर आहे आईंचं, म्हणजे विनेशची ढाल काढायची. मी म्हटलं, बरोबरच आहे, म्हणजे तुमची छत्री. परत तिथेच!

भाविकाने फोन कापला.

५ ऑगस्ट

भाविका फोन उचलत नाही. भावोजींचाही नाही. हे कळायला मला त्यांनाच विचारावं लागलं.

६ ऑगस्ट

उचलला एकदाचा. तिने तिन्ही काढून टाकले! कोणाला न विचारता. पहिलं स्वतःचं निळं कुलूप काढलं, म्हणजे आम्हाला बोलायला तोंड राहू नये.

मी म्हटलं, आता उघडंच पडलं की सगळं.

“दादा, कॉम्प्युटरचा स्वतःचा एक असतो. पहिल्यापासून आतच होता. आपले घातले की तो बाजूला होतो. काढले तसा उठला कामाला.”

एवढे महिने आत होता आणि आम्ही दोघांनी बघितलासुद्धा नाही! थोडा वेळ राग आला. मग हसू यायला लागलं ते थांबेना. प्रणय विचारतोय काय झालं, त्याला काय सांगू.

आता बटण दाबलं की आईचं आधण तापायच्या आत चालू होतो. प्रिंटर सुटला. आवडाबाई परत आली, कागदाची अजून एक प्रत लागते म्हणून. चहा विचारला तर म्हणाली, आधी कागद दे. दिला! वीस रुपये.

भावोजींचा मेसेज आला. तुझ्या ढालीला माझा शेवटचा नमस्कार. मी लिहिलं, छत्रीलाही. वर लिहिलं, प्रिंटर मात्र झकास आहे. त्यांनी अंगठा पाठवला.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सुट्टी नाही. राखी पोस्टाने आली होती, प्रणयने बांधली, तीही उलटी.

घरी बाबा समुद्राला नारळ देऊन आले आणि खोबऱ्याचा एक तुकडा कॉम्प्युटरपुढे ठेवला. वीस रुपयांचं नाव नाही काढलं. पाटी स्वतः दारावर ठोकली, जरा वाकडी. आणि गोणपाट आईकडून धुऊन घेतलंय — खारी हवा लागू नये म्हणून रात्री कॉम्प्युटरवर झाकतात. बोर्लीच्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, इकायचा न्हाय.

१० ऑगस्ट

सकाळी भाविकाला फोन केला. म्हटलं, लांबचं एक गिऱ्हाईक आहे. सतरा नंबर.

तिने नाव विचारलं. मी म्हटलं लिही, विनेश शिवदास, पुढचं तुला माहीत आहे. शिक्षण आठवी.

मला वाटलं हसेल. नुसता बटणांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “तुझा शाळेचा दाखला आईच्या पेटीतून काढून ठेवलाय मी. पाटी रंगवली तेव्हाच.”

ओवाळणी वेगळी देईन. ही फी, वर उरतील ते तिचे. पाठवले — रुपये पंधराशे.