सतराला हिरवा द्यायचा नाही

४ मार्च
अडीच महिने ही वही उघडली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. घर हलवताना ती भांड्यांच्या खोक्यात गेली होती हे खरं. पण खोकं रिकामं करूनही महिना झाला, हेही खरं.

नवं घर छान आहे. दुसरा मजला, भरपूर उजेड, आणि अण्णांचे उपचार चालतात ते हृदयाचं रुग्णालय फक्त चार सिग्नलांवर. नवी नोकरीही सिग्नलांचीच, वाहतूक नियंत्रण कक्षात. रुग्णवाहिका निघाली की तिचं यंत्र आमच्याकडे हिरवा मागतं. पडद्यावर निळा ठिपका लुकलुकतो, आपण बटण दाबायचं, तिच्या वाटेतले दिवे हिरवे होतात. अण्णा म्हणाले, सिग्नलच पोरीच्या हातात, आता मला मरायला सवड कुठली.

दिवसपाळीला आम्ही तिघं. मुख्य आहेत त्यांना सगळे भाऊ म्हणतात. शेजारच्या टेबलावर एक बाई, मोजकं बोलणाऱ्या. पडद्याशेजारी भिंतीवर पेनाने लिहिलंय: सतराला हिरवा द्यायचा नाही. भाऊंना विचारलं. सतरा नंबरची जुनी रुग्णवाहिका, केव्हाच भंगारात गेली, यंत्र तेवढं जिवंत राहिलंय, म्हणाले, आणि चहाला उठले.

६ मार्च
सतराचा ठिपका दिवसभर बाजार चौकात, लालवर. दर चार मिनिटांनी हिरवा मागतो. चौकातला साधा हिरवा येतो, जातो, ठिपका हलत नाही. भाऊ म्हणतात, तिला दिलेलाच हिरवा लागतो. आज कॅमेरा लावून पाहिलं. पांढऱ्या पट्ट्याशी एका गाडीपुरती जागा मोकळी. तिच्यामागे स्कूटर, टेम्पो, बस दाटीवाटीने उभे. एरवी बोटभर फट दिसली तर घुसणारी माणसं, पण त्या जागेत कुणी शिरत नाही.

९ मार्च
नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. गाडीला नकार द्यावा असं कुठेही नाही. आत कुणी असेल तर? भाऊ जेवायला गेले तेव्हा मी बटण दाबलं. चुकून नव्हे, हे इथे नोंदवते.

ठिपका सुसाट सुटला आणि एका लाँड्रीसमोर थांबला. त्यानंतर फोन आला की तिथला इस्त्रीवाला छाती धरून बसलाय. नऊ नंबरची गाडी पाठवली. ती पोचली तेव्हा इस्त्री तापलेली, शर्ट अर्धा, माणूस नाही. शेजारचे म्हणाले, आत्ताच नेलं की एका गाडीने.

कुठल्याच रुग्णालयात तो पोचलेला नाही.

१० मार्च
बाईंनी आपला डबा दुसऱ्या टेबलावर नेला आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, एवढी शिकलेली, आणि एक ओळ वाचता येत नाही. भाऊंनी शेवटी खरं सांगितलं. चुकून दाबलं असतं तर समजलो असतो, म्हणाले. तुमच्या आधीच्या माणसालाही अशीच दया आली होती. सतराने त्याची बायको नेली. हिरवा देणाऱ्याचं घर त्या गाडीला कळतं.

सतरा बाजार चौकात परतलेली नाही. टाकीच्या चौकात उभी आहे. आमच्या घराआधीचा शेवटचा सिग्नल.

१२ मार्च
आता दर मिनिटाला मागते. पत्त्याच्या रकान्यात आमची इमारत. दुसरा मजला.

अण्णा व्यवस्थित जेवले. तोंड का पाडलंस, मी आहे अजून, म्हणाले.

नोकरी सोडावी? मग बटणावर हात कुणाचा — त्या बाईंचा?

१३ मार्च, दुपार
हात बटणापासून लांब राहावेत म्हणून लिहितेय.

शेजारणीचा फोन. अण्णा घामाघूम, डावा हात धरून बसलेत. नऊ निघाली. टाकीच्या चौकात थांबली — त्या मोकळ्या जागेमागे. चालकाला फोनवर सांगितलं, वळसा घाल. तो म्हणाला, कुठून घालू, पुढे गाडी उभी आहे ना.

दिवा एकच. नऊला दिला की सतरालाही —

भाऊ मानेनेच नको म्हणतायत. बाई उठून उभ्या.

पुन्हा शेजारीण. ओठ निळे पडलेत —

दिला.

१३ मार्च, संध्याकाळ
खाट रिकामी. चष्मा उशीवर. शेजारीण पुन्हा पुन्हा सांगते, आत्ताच नेलं की. नऊवाले दारात उभे होते तेव्हाही तेच सांगत होती.

सगळ्या रुग्णालयांत विचारलं. नाहीत.

सतरा पुन्हा टाकीच्या चौकात. लालवर. रकान्यात पत्ता बदललाय — रुग्णालय. असं कधीच आलं नव्हतं, भाऊ म्हणाले. लबाड आहे ती. तुमच्या घरात आता तुम्हीच उरलात.

मला खुर्चीवरून उठवलं. बटणावर बाईंनी तळहात उपडा ठेवला होता —

पण अण्णा आत असतील तर. श्वास चालू असेल तर. माझ्याच लालवर —

उद्या: भाऊ यायच्या आत पोचायचं आणि सतराला