ट्रकएवढीच चाकं

प्रिय ड्रायव्हरसाहेब,

फोनवर तू "बोल पटकन" म्हणतोस आणि मी "सगळं ठीक" म्हणून मोकळी होते. म्हणून हे पत्र, तुझ्या मालकांच्या ऑफिसात ठेवतेय. शहरातल्या फेऱ्यांच्या गाडीचं त्यांनी मला पुन्हा विचारलं. रोज संध्याकाळी घरी येता येईल असं काम, आणि तू अजून हो-नाही काहीच कळवलेलं नाहीस म्हणे.

आमच्या वर्कशॉपात पहिल्यांदा आला होतास, आठवतं? विमानाची चाकं घराएवढी असतील असं तुला वाटलेलं. "एवढ्या धुडाला माझ्या ट्रकएवढीच चाकं!" म्हणून सगळ्यांसमोर खो खो हसलास. तेव्हा मी नुसती चिडले होते, उत्तर आज देते. तुझ्या ट्रकची चाकं दिवसभर रस्त्यावर. खड्डे, दगड, खडी सगळं त्यांच्याच नशिबी, आणि इंजिनही त्यांनाच फिरवतं. खड्ड्यातून वर यायचं तर चाक मोठं हवंच. विमानाला पुढे ढकलतात ती त्याची इंजिनं. चाकं आपली गुळगुळीत धावपट्टीवर थोडाच वेळ धावणार, मग पोटात दुमडून ठेवायची. वर आभाळात त्यांचा उपयोग शून्य, वजन मात्र वाहावं लागतं. म्हणून जमेल तेवढी लहान करायची आणि आत नायट्रोजन ठासून भरायचा, तुझ्या टायरच्या जवळजवळ दुप्पट दाबाने. उतरताना मात्र तीच थांबलेली चाकं एकदम जमिनीला टेकतात, धूर निघतो, रबर झिजतं. ती झिजलेली टायरं उतरवणं हेच माझं काम.

तू येणार म्हटलं की मी रजा टाकते, चादरी बदलते, काय काय बोलायचं ते मनात रचून ठेवते. तू येतोस, जेवतोस, झोपतोस, निघतोस. मागे मला ताप आला तेव्हा शेजारच्या काकूंनी डबा दिला. तुला सांगितलं नाही. सांगून तिकडून तू काय करणार होतास?

रागावले नाहीये रे. राग असता तर बरं झालं असतं. पूर्वी तू गेलास की दिवसभर घास घशाखाली उतरायचा नाही. परवा तू गेलास, मी दार लावलं आणि एक कप चहा टाकला. चहा छान झाला. घर शांत होतं आणि मला बरं वाटलं. मग माझी मलाच भीती वाटली. हे बरं वाटणं अंगवळणी पडायच्या आत मालकांना हो म्हण.

अजून तरी तुझीच